किल्ली कुणाकडे?

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

गावी आमच्या घराच्या पुढच्या दाराला बाबांनी बसवलेलं लॅचचं कुलूप आहे. त्याच्या किल्ल्या दोन. एक आईच्या कमरेला आणि दुसरी शेजारच्या काकूंच्या फडताळात, देवांच्या पोथ्यांमागं. लहानपणी मी एकदा आईला विचारलं होतं, "काकूंनी आपल्या घरातलं काही उचलून नेलं तर?" आई म्हणाली, "नेणार नाहीत, म्हणून तर त्यांच्याकडं ठेवलीय." एवढं बोलून ती भात वैरायला निघून गेली. त्या उत्तराचा पुरता अर्थ मला कळला तो गेल्या आषाढात, आणि तोही एका यंत्राच्या संगतीनं.

कला शाखेच्या, त्यातून मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्यानं वार्षिकात संगणकाच्या जाळ्याविषयी लिहावं, हे काहींना विपरीत वाटेल. वर्गात ज्याला छंदोरचना धड जमत नाही, तो राउटरच्या गोष्टी काय सांगणार, असं आमचे मित्र म्हणतीलच. म्हणोत. शेवटी ही गोष्ट घराची आहे, आणि घराविषयी लिहायला कुठल्या शाखेची पदवी लागते?

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. कुशीत म्हणायला छान वाटतं, पण त्या कुशीत मोबाइलची रेंज पोचत नाही. फोन लावायचा तर पाऊण तास चढून सड्यावर जावं लागे. पुढं गावात केबलवरून इंटरनेट आलं आणि घरातल्या वायफायवरून फोन लागू लागला. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. दादा पुण्यात नोकरीला. धायरीला त्याचा दोन खोल्यांचा ब्लॉक आहे, तिथंच दादा-वहिनींपाशी राहून मी शिकतो. आई मात्र गाव सोडायला तयार नाही. "गोठा रिकामा झाला म्हणून घर रिकामं होत नाही," असं ती म्हणते.

बाबांच्या मागं एक जुना संगणक राहिला. त्यांना नाद होता तो आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा. आजी जात्यापाशी बसून म्हणायची आणि मध्येच बाबांचा आवाज येतो, "ही कुणाकडून शिकलीस गं?" आजी गेली, बाबा गेले, आणि ते प्रश्नोत्तर तेवढं त्या संगणकात राहिलं. त्याची नक्कल करून पुण्याला नेणं काही अवघड नव्हतं. मी एकदा नेलीही. पण पुढं असं झालं, की दुपारच्या निवांत वेळी आई ते मुद्रण ऐकू लागली, आणि सासूच्या ज्या ओव्या त्यात नव्हत्या त्या आठवून स्वतःच म्हणून भर घालू लागली. माझी नक्कल महिन्याभरात शिळी झाली. पदवीच्या प्रकल्पासाठी मला ओव्याच हव्या होत्या. पुण्यात बसून गावच्या संगणकातलं रोजचं नवं ऐकता आलं पाहिजे, हा माझा हट्ट.

दादाचा हट्ट निराळा होता. आई एकटी, म्हणून त्यानं घराला दोन कॅमेरे बसवले होते. एक अंगणाकडं तोंड करून आणि दुसरा माजघरात. ते पुण्याहून दिसावेत म्हणून बसवणाऱ्यानं राउटरमध्ये एक 'पोर्ट' उघडून दिलं होतं. पोर्ट म्हणजे बाहेरच्या जगाकडं उघडणारी एक खिडकी. आपल्याला आत डोकावता यावं म्हणून ती उघडली. पण खिडकी कुणासाठी उघडली आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला थोडंच ठाऊक असतं?

एका रात्री दादा राउटरची नोंदवही चाळत बसला होता. त्यानं मला हाक मारली. पडद्यावर ओळींमागून ओळी होत्या. कुठकुठल्या अनोळखी पत्त्यांवरून कुणीतरी सतत आत शिरू पाहत होतं. एकदा एक परवलीचा शब्द, नापास, लगेच दुसरा. हे लोक आमच्या घरावर डोळा ठेवून होते असं मुळीच नाही. त्यांची यंत्रं जगातलं प्रत्येक दार असंच ठोठावत फिरत असतात. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ऐकायला ही संख्या अफाट वाटते. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एक साधा संगणक आणि वेगवान जोडणी एवढ्या बळावर त्या सगळ्या पत्त्यांवरचं एखादं दार पाऊण तासाच्या आत ठोठावून होतं. डोंगराच्या कुशीतलं आमचं घर, जिथं पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो, तिथं हे पाहुणे दिवसातून शंभरदा येत होते. आणि माजघरात आई केस विंचरत असेल! दादानं त्याच रात्री ती खिडकी बंद केली. दोघांनाही बराच वेळ झोप आली नाही.

मग 'व्हीपीएन' शोधणं आलं. या नावानं जाहिरातीत जे विकलं जातं ते आम्हाला नको होतं. तिथं भाडं भरायचं, आणि आपला सगळा व्यवहार त्या दुकानदाराच्या घरातून बाहेर पडतो, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात बसलो आहोत असं जगाला वाटतं. आम्हाला हवी होती दोन घरं जोडणारी वाट. कल्पना सोपी आहे. आपलं पत्र एका पाकिटात घालून लाखबंद करायचं, ते पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालायचं आणि चारचौघांच्या टपालानंच पाठवायचं. टपालवाल्याला बाहेरचा पत्ता दिसतो, आतलं दिसत नाही. रस्ता सार्वजनिकच, पण त्यातून जाणारी वाट आपली.

एका रविवारी वहिनींच्या किराण्याच्या वहीत मागच्या पानावर आम्ही यादी केली. राउटरमध्ये आयती होती ती 'पीपीटीपी' नावाची १९९०च्या दशकातली पद्धत. ती पहिल्या फटक्यात बाद झाली, कारण तिचं नेहमीचं कुलूप सरसकट फोडता येतं हे २०१२ मध्येच सिद्ध झालं आहे. दुसरी 'ओपनव्हीपीएन', २००१ पासूनची. विश्वासू, कुठल्याही यंत्रावर चालणारी, पण तिचा कारभार सरकारी. आधी प्रमाणपत्र देणारं कार्यालय आपणच थाटायचं, मग एकेकाला प्रमाणपत्रं वाटायची. शिवाय गावी ठेवायचा होता तो दादाचा जुना राउटर. त्याच्या जिवाला ते ओझं झेपेना.

तिसरी 'वायरगार्ड'. जेसन डोनेनफेल्ड नावाच्या गृहस्थानं रचलेली, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ व्या आवृत्तीपासून त्या प्रणालीच्या गाभ्यात दाखल झालेली. सारी रचना अवघ्या चार हजार ओळींच्या आसपास. म्हणजे एखादा जाणकार बसला तर ती आरंभापासून शेवटपर्यंत वाचू शकेल. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्येच तिची कलाकृती म्हणून वाखाणणी केली होती. हे वाचून, खरं सांगतो, मला उगीचच अभिमान वाटला. पाल्हाळ टाळणं हा गुण आमच्या शाखेत फक्त परीक्षकाच्या शेऱ्यात सापडतो!

चौथी 'टेलस्केल'. टोरांटोच्या एका कंपनीनं २०१९ पासून चालवलेली. आतलं यंत्र वायरगार्डचंच, पण सगळी मांडामांड कंपनी करते. खातं उघडा, दोन्हीकडं प्रोग्रॅम बसवा, दहा मिनिटांत घरं जोडली गेली. 'झीरोटियर' नावाची आणखी एक आहे, जी दूरदूरची यंत्रं जणू एकाच तारेला जोडल्यासारखी एकत्र आणते. दादाचा कौल टेलस्केलला होता. त्याला रविवारी दुपारी झोपायचं होतं, हेही एक कारण असावं.

रात्री आईचा फोन आला तेव्हा दादानं तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ह्याची किल्ली कुणाकडं राहणार?"

आम्ही दोघे एकमेकांकडं बघत राहिलो. वेग किती, खर्च किती, बसवायला वेळ किती, असे रकाने आम्ही वहीत आखले होते. हा रकानाच नव्हता.

मग या प्रश्नाच्या उजेडात आम्ही यादी पुन्हा वाचली. टेलस्केलची कंपनी लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी. ती दोन्ही पक्षांची ओळख करून देते. त्यांच्यातलं बोलणं तिला ऐकू जात नाही, कारण खऱ्या गुप्त किल्ल्या ज्याच्या त्याच्या यंत्रातच राहतात. पण मांडवात कुणाला घ्यायचं ती यादी मध्यस्थाच्या वहीत असते. वायरगार्डमध्ये मध्यस्थच नाही. प्रत्येक यंत्र आपल्यापुरत्या दोन किल्ल्या बनवतं. एक गुप्त, ती कधी घराबाहेर जात नाही. दुसरी उघड, चव्वेचाळीस अक्षरांची, ती समोरच्याला ओळखीसाठी द्यायची. तुमची उघड किल्ली माझ्या वहीत आणि माझी तुमच्या वहीत, झाली सोयरीक. वहीत नसलेल्या कुणी दार ठोठावलं, तर वायरगार्ड 'कोण आहे?' असंसुद्धा विचारत नाही. गप्प बसतं. बाहेरच्याला वाटावं, इथं घरच नाही.

शेवटी वायरगार्ड ठरलं. टेलस्केल वाईट म्हणून नव्हे. माझ्या एका वर्गमित्राच्या दोन्ही घरांना बाहेरून पोचता येणारा पत्ताच नव्हता. त्यानं टेलस्केल घेतलं, आणि त्याच्यापुरतं तेच शहाणपणाचं होतं. काकूंकडं किल्ली ठेवणं म्हणजे काही कमीपणा नव्हे. मात्र ती काकूंकडं आहे हे आपल्याला ठाऊक असावं, आणि काकू कोण हेही.

हा पत्त्याचा घोळ आम्हालाही चुकला नाही. पत्ते अपुरे पडू लागल्यावर २०१२ मध्ये त्यावर एक तोड अधिकृत झाली. सेवा देणाऱ्यानं अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरायचा. चाळीला एकच पत्रपेटी असावी तसं. खोलीतला माणूस बाहेर पत्र पाठवू शकतो आणि त्याचं उत्तरही त्याला मिळतं, पण बाहेरच्यानं आपण होऊन पाठवलेलं पत्र नेमक्या खोलीत पोचत नाही. कॅमेऱ्याची खिडकी उघडली होती तेव्हा गावात गिऱ्हाइकं थोडी होती. मधल्या काळात ती वाढली आणि आमचं घर चाळीत गेलं. सुदैवानं पुण्याच्या जोडणीला स्वतंत्र पत्ता मिळाला. दोघांपैकी एकाला पत्ता असला तरी भागतं. गावच्या घरानं पुण्याला हाक मारायची, आणि वाट बुजू नये म्हणून दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामा निरोप धाडत राहायचं. त्या निरोपात काहीच लिहिलेलं नसतं. 'मी आहे' एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा घोळ गमतीचा. दोन्ही घरांतल्या यंत्रांना आतले पत्ते एकाच मालिकेतले मिळाले होते, १९२.१६८.१ ने सुरू होणारे. हे खाजगी पत्ते १९९६ पासून कुणीही आपल्या घरात वापरावेत असं ठरलेलं आहे, आणि राउटर बनवणारे बहुधा तेच घालून देतात. घरं वेगळी असेपर्यंत बिघडत नाही. जोडायला गेलं की एकाच गावात एकाच नावाच्या दोन आळ्या! मी गावचा संगणक मागितला तर राउटर मला पुण्यातल्याच घरात शोधत बसे. अखेर पुण्याच्या घरानं आपला पत्ता बदलून १९२.१६८.२० केला. "बदलायचं कुणी?" यावर वाद झाला नाही. गावचं घर मोठं.

होळीच्या सुट्टीत जाऊन मी जुना राउटर गावी बसवला, आणि त्या रात्री पुण्याहून दादाचा फोन आला, "लागलं!" पुढचे चार महिने सुखाचे गेले. संध्याकाळी कॉलेजातून आलो की मी धायरीत बसून आईनं दुपारी म्हटलेली ओवी ऐकायचो. वायरगार्ड 'शेवटचं हस्तांदोलन' किती वेळापूर्वी झालं ते दाखवतं. मिनिट, दीड मिनिट. अभ्यासातून मध्येच उठून ती ओळ बघायची मला सवय लागली. ती ताजी असली की घर जागं आहे असं वाटायचं.

आता माझ्या चुकीविषयी. ती टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

वायरगार्डमध्ये प्रत्येक किल्लीपुढं लिहावं लागतं, की या वाटेनं कुठकुठले पत्ते जाऊ-येऊ द्यायचे. गावच्या राउटरमध्ये तिथं पुण्याच्या घरापुरता पत्ता लिहायचा होता. मी लिहिलं शून्य.शून्य.शून्य.शून्य, तिरकी रेघ, शून्य. त्याचा अर्थ, सगळं जग. आईचं सगळंच जाणं-येणं पुण्याच्या वाटेनं होऊ दे, म्हणजे ते अधिक सुरक्षित, असा माझा शहाणा विचार. चालत होतं तोवर कुणालाच काही जाणवलं नाही.

आषाढात एका रात्री कोकणात पाऊस कोसळला आणि गावची वीज गेली. सकाळी पुण्यात मी पाहिलं तर शेवटचं हस्तांदोलन सात तासांपूर्वीचं. पावसाळ्यात हे व्हायचंच. दुपारी ते बारा तासांचं झालं, संध्याकाळी सोळा. आईचा फोन लागेना. काकूंचा तर घरचाच फोन नाही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं आकडे काय बघत बसलाय? निघा." रात्रीची एस.टी. आम्ही स्वारगेटला धरली. कुंभार्ली घाट उतरताना काचेवर नुसतं पांढरं धुकं होतं. दादा एक शब्द बोलला नाही.

नऊच्या सुमाराला घरी पोचलो. पुढचं दार उघडं. आई माजघरात खाटेवर बसलेली, पायाला हळदीचा लेप, आणि शेजारी काकू चहाची कपबशी घेऊन उभ्या. आदल्या दिवशी दुपारीच वीज आली होती. दिवे लागले, पंखा फिरला. संध्याकाळी मागल्या पडवीत शेवाळावरून आईचा पाय घसरला. फोन तिच्या हातातच होता, पण तो लागेना. उठवेना म्हणून ती तशीच सरकत सरकत खाटेपर्यंत आली आणि रात्रभर बसून राहिली. पावसाच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? सकाळी अंगण झाडल्याचा आवाज आला नाही म्हणून काकूंनी फडताळातली किल्ली काढली.

पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. ते कळल्यावर मी राउटरपाशी गेलो. त्याच्या घड्याळात फेब्रुवारी महिना चालला होता. बाहेर आषाढ कोसळतो आहे आणि डबीत माघ!

मग हळूहळू उलगडलं. त्या जुन्या राउटरच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नाही. वीज गेली की ते विसरतं आणि पुन्हा चालू झाल्यावर जुनीच कुठली तरी तारीख धरून बसतं, मग इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेतं. इकडं वायरगार्डचा नियम असा, की हस्तांदोलनाच्या निरोपावर वेळ घातलेली असते आणि मागच्या निरोपाहून जुनी वेळ असेल तर तो निरोप फेकून द्यायचा, कारण कुणी चोरानं जुनंच पाकीट पुन्हा धाडलेलं असू शकतं. नियम चोख आहे. पण पुण्याला आषाढातला निरोप मिळालेला, आणि आता गावाहून येत होते ते फेब्रुवारीचे. पुणं दार उघडेना. खरी वेळ विचारावी तर ती विचारायची वाटसुद्धा मी पुण्यावरूनच नेलेली. वाट उघडायला वेळ हवी, आणि वेळ मिळवायला वाट हवी. पेटीची किल्ली पेटीतच. आणि आईचा फोन? तोही त्याच वायफायवर, त्याच बंद वाटेच्या तोंडाशी उभा. गावातलं इंटरनेट दुपारपासून चालू होतं. फक्त आमच्या घरात माझ्या पाच शून्यांनी ते अडवून धरलं होतं.

मी हे आईला सांगितलं. दादा म्हणाला, "नको सांगूस आत्ता." पण सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे माझं सगळं बोलणं-चालणं पुण्यावरून जात होतं?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

मी गप्प बसलो. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं तिनंच विषय काढला, "ही वाट दोन्ही बाजूंनी आहे म्हणतोस ना? मग तुम्हाला माझं माजघर दिसतं, मला तुमचं घर का दिसत नाही?"

दादा हसून म्हणाला, "दिसेल की! तिथंही एक कॅमेरा लावू." आणि त्यानं लगेच वहिनींना फोन करायला म्हणून सड्याची वाट धरली, इतका त्याला हुरूप आला. तासाभरानं परतला तेव्हा चेहरा उतरला होता. वहिनींनी स्पष्ट सांगितलं होतं, की दोन खोल्यांचं घर, त्यात आपण कसेही वावरतो, तिथं कुणाचाही डोळा मला चालणार नाही, मग तो सासूबाईंचा का असेना. दादा ते शब्द आईला सांगायला कचरत होता. पण आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आणि मग बऱ्याच वेळानं, "तिला बोलता आलं."

त्या दोन शब्दांत दीड वर्षाचं सगळं आलं. माजघरातल्या कॅमेऱ्याखाली आई दीड वर्ष वावरत होती. केस विंचरायला न्हाणीघरात जात होती. पोरांची काळजी आहे, म्हणून बोलली नव्हती. आम्ही अनोळखी चोरांसाठी खिडकी बंद केली आणि स्वतःला मात्र चोर म्हणून कधी मोजलंच नाही.

दोन दिवस राहून आम्ही सगळं नव्यानं मांडलं, या वेळी आईला शेजारी बसवून. माजघरातला कॅमेरा काढला. अंगणातला राहिला, पण त्याच्या तारेला भिंतीवर एक बटण दिलं, आईच्या हाताला येईल असं. पाच शून्यं खोडून तिथं फक्त पुण्याच्या घराचा पत्ता लिहिला. आता ती वाट बंद पडली तरी आईचा फोन आपल्या वाटेनं जातो. सेवा देणाऱ्याच्या मूळ डबीचं वायफायही तिच्या फोनात नोंदवून ठेवलं, म्हणजे आमचा राउटर रुसला तर ते आहे. किल्ल्यांची यादी एका कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी लावली: गावचं घर, पुण्याचं घर, दादाचा फोन, माझा फोन. कोणती किल्ली कुठवर जाते तेही पुढं लिहिलं. माझा फोन हरवला तर त्या नावापुढची एक ओळ खोडायची, की ती किल्ली मेली, बाकीच्यांना धक्का नाही. हा वायरगार्डचा मला सर्वांत आवडलेला गुण.

आईनं कागद वाचला आणि पेन मागितलं. खाली स्वतःच्या हातानं तिनं पाचवं नाव लिहिलं, काकूंचं. "ही तुमच्या यंत्रातली नाही," ती म्हणाली, "पण यादीत असू दे."

मित्र मला विचारतात, दोन घरं जोडायला कुठलं व्हीपीएन चांगलं? मी वायरगार्डचं नाव सांगतो, दोन्हीकडं पत्ता नसेल तर टेलस्केलचं. दोन्ही घरांचे आतले पत्ते आधी वेगळे करा म्हणतो, आणि जुन्या राउटरच्या घड्याळावर विसंबू नका म्हणतो. पण त्याआधी, पलीकडच्या घरात जे माणूस राहतं त्याला विचारलंत का, हेही विचारतो. ते बहुधा माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहतात. मराठीचा विद्यार्थी, असं म्हणून सोडूनही देतात.

आता कधी कधी दुपारी अंगणाचं चित्र काळं असतं. आईनं बटण बंद केलेलं असतं. का म्हणून आम्ही विचारत नाही. संध्याकाळी मी बाबांचा तो संगणक इथूनच उघडतो. परवा तिनं एक नवीन ओवी भरली आहे. ती संपल्यावर मुद्रण बंद करायचं ती विसरली असावी. क्षणभर नुसता पावसाचा आवाज येतो, मग दूरवरून काकूंची हाक, आणि आईचं उत्तर, "दार उघडंच आहे, या!"